एकटीचा फोटो

पुणे,
१८ ऑगस्ट २०२४

मामा,

जय जिनेंद्र. परवा फोनवर मी एवढा वेळ बोलले आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय, आक्काला सांगतो." मी आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कानाचं मशीन पुन्हा कपाटात टाकलंय ना? म्हणून शेवटी कागद घेतला.

विषय एकच आहे. विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून फोटोग्राफीच करावी असं मनात आहे. इतकी वर्षं रविवारी कॅमेरा घेऊन फिरतेय. गेल्या हंगामात मोनाच्या हाताखाली काही लग्नं केली. मोना म्हणजे माझी मैत्रीण, लग्नाचे फोटो काढायचा तिचा व्यवसाय आहे. आता ती म्हणते, पूर्णवेळ ये, भागीदारीत करू. इकडे सोमवारी ऑफिसात बसले की पुढे पॉलिसीचे कागद असतात आणि मी समोरच्या भिंतीवर ऊन कसं पडलंय ते बघत बसते.

केतनला विचारलं. तो म्हणाला, "लोकांच्या लग्नात उपाशी उभं राहायची नोकरी." सख्खा भाऊ असून एवढाच धीर दिला त्यानं. आई म्हणाली, बापूला विचार. तुम्हाला नाही विचारणार तर कुणाला? लाल दिव्यात कोऱ्या कागदावर माणूस उगवताना मी पहिल्यांदा बघितला तो तुमच्याच डार्करूममध्ये. गोड बोलू नका, खरं लिहा.

तुमची
स्नेहल


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ ऑगस्ट २०२४

स्नेहल पोरी,

"बोलले", "फिरतेय", "बसते". अगं, आपल्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात. तुझी आई अजून तशीच बोलत्या. तू पुण्यात जाऊन पुस्तकातलं बोलायला शिकलीस. असू दे.

खरं लिही म्हणालीस न्हवं? करू नको.

आता का ते सांगतो. हौसेनं फोटो काढणारा त्याला आवडंल ते काढतो. धंदेवाल्याला पुढं बसंल ते काढायला लागतं. कोण बसतंय पुढं? भरतीला निघालेली पोरं, पासपोर्टवाले, आणि स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आणलेली पोरगी. तिच्या मनात लग्न नसतंय आणि बाप मागनं "हस की गं" म्हणत असतोय. मग मी बी म्हणायचो, हस की बाळ. ती हसली की मी बटण दाबायचो. हौस मरत्या ती तिथं मरत्या.

दुसरं, या धंद्याचा एकच नियम हाय. घेतलेली ऑर्डर मोडायची न्हाय. अंगात ताप असू दे, घरात काय बी होऊ दे. अक्षता एकदाच पडतात, परत टाका म्हणून सांगता येत न्हाय. तुझ्या मामीच्या सख्ख्या बहिणीचं लग्न पेठ वडगावला होतं आणि मी त्याच दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात गडहिंग्लजला गेलतो. मामी, बिचारी, मरंस्तोवर ते काढायची.

हौसेला मोल न्हाय म्हणतात. मोल लावलंस की ती हौस ऱ्हात न्हाय. तू नाद खुळा फोटो काढतीस, हे मी कुणाला बी छातीवर हात ठेवून सांगीन. म्हणूनच सांगतोय. नोकरी धर आणि रविवारी कॅमेरा धर. माझंच बघ की. स्टुडिओ मोबाईलनं खाल्ला. दुकान कुणाला तरी देऊन मोकळं व्हावं म्हणतोय.

रविवारी आक्का आलती कबनूरहून. तुझं पत्र वाचून दाखवलं. मी काय लिहिणार ते बी सांगितलं. पोटात कळ येत्या म्हणून लवकर गेली.

तुझा मामा
बापूसो


पुणे,
२० ऑक्टोबर २०२४

मामा,

रागावू नका. नोकरी सोडली.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोनालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामा खरं बोलतात, पण विम्याच्या ऑफिसात बसून तुझी हौस कुठं जिवंत राहिली? साहेबांना राजीनामा दिला, बाहेर येऊन भेळ खाल्ली. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतोय. तारखा भरल्यात. तुमचा नियम मी मोबाईलच्या पडद्यावर लिहून ठेवलाय, घेतलेली ऑर्डर मोडायची नाही.

दसऱ्याला कबनूरला जाऊन आले. आई वाळल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणते, यंत्रमागांचा आवाज आणि तुझी काळजी, दोन्हीनं भूक मेलीय. एक गंमत सांगते. मी निघायच्या गडबडीत आणि आई मागं आली, "स्नेहल, माझा एकटीचा एक फोटो काढ की गं. चांगला मोठा." कॅमेरा बॅगेत बांधलेला, खाली रिक्षा उभी. मी म्हणाले, हंगाम संपू दे, एक का, तुझा आल्बमच करू. तर म्हणाली, "बरं बरं. तुझ्या सवडीनं." या वयात आईला मिरवायची हौस आली, मजा वाटली.

दिवाळीला येणं जमणार नाही. एका साडीच्या दुकानाचं काम घेतलंय. आईला मी फोन केलाय, तुम्हीही जाऊन या.

तुमची
स्नेहल


मंगळवार पेठ
४ नोव्हेंबर २०२४

स्नेहल,

सोडलीस ती सोडलीस. आता मागं बघू नको.

आक्कानं "एकटीचा" असाच शब्द वापरला का, तेवढं मला कळव.

एवढं लिहून पत्र तसंच ठेवलंतं. राहू दे, कळवू नको. मधे दोन दिवस मी कबनूरला जाऊन आलो. आक्का बरी हाय. तिचा फोटो मी काढतो. तू त्याची चिंता करू नको आणि तिला त्याबद्दल विचारत बी बसू नको. तुझ्या ऑर्डरी नीट कर. जास्तीची बॅटरी जवळ ठेव. जेवून घेत जा, फोटोग्राफरला पंगतीत कोण बोलवत न्हाय.

बापूमामा


पुणे,
२२ डिसेंबर २०२४

मामा,

एवढं छोटं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. रागावलाय अजून, ते कळतंय.

हंगामाचा पहिला टप्पा संपला. पाय सुजलेत. लोक खूश आहेत. एकच सांगायचंय, ते तुम्हालाच सांगता येईल. एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीची आई तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि माझ्या मनात आलं, ही बाई थोडी डावीकडं वळली तर बरं होईल, चेहऱ्यावर उजेड येईल. मग स्वतःचाच राग आला. घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "वळली का मग ती?" वळली होती. फोटो सुरेख आलाय.

तुम्ही काढलेला आईचा फोटो केतननं मोबाईलवर पाठवला. उजेड तुमचाच, ओळखू येतो. एक सुरकुती लपवली नाही आणि तरी किती छान दिसतेय. पण मामा, चौकट अशी कशी घेतलीत? चेहरा पार वर गेलाय आणि खाली वीतभर मोकळी जागा, नुसती साडी. तुमच्या हातून अशी चूक? मोनाला दाखवला, तीही म्हणाली, खालून कापला तर झकास होईल. मग मी कापला. चेहरा मधोमध आणला, मोठा केला, तसाच छापून केतनला पाठवून दिला. आता बघा कसा भरलेला दिसतो.

संक्रांतीला येणार होते, तर आईच म्हणाली, आल्बमची कामं आटप आधी, गिऱ्हाईक खोळंबतंय. तिला माझ्यापेक्षा माझ्या गिऱ्हाइकांची काळजी.

तुमची
स्नेहल


मंगळवार पेठ
२० जानेवारी २०२५

स्नेहल बाळ,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. लिहायला बसलो की सुचत नव्हतं.

चौकट चुकली असंल. नजर गेली आता. तू कापलास ते बरं केलंस, पण मूळचा फोटो मी केतनला आक्काच्या कपाटात ठेवायला सांगितलाय. तो टाकू देऊ नको.

आता माझं ऐक. चार दिवस काढून ये. लवकर ये. आल्यावर बोलू, पत्रात सगळं लिहिता येत न्हाय. कॅमेरा आणलास तर आण, न्हाय आणलास तरी चालतंय. तू ये.

बापूमामा


पुणे,
३० जानेवारी २०२५

मामा,

तुमच्या पत्राचा अर्थ मला कळला. दुकानाचा विषय आहे ना? केतन म्हणाला होता, मामा दुकान देऊन टाकणार आहेत. तुमच्या मनात ते मी घ्यावं असं असणार, आणि ते तुम्हाला पत्रात लिहवत नाही. मामा, त्या दुकानात मी वाढले, पण मंगळवार पेठेत पासपोर्टचे फोटो काढत बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तोंडावर नाही म्हणायला जड जाईल म्हणून आधीच लिहिते. वाईट वाटून घेऊ नका.

यायचं म्हणाल तर, सोळा फेब्रुवारीला नाशिकला मोठं लग्न आहे. मोना दुसरीकडं गुंतलीय, ही माझी एकटीची पहिली ऑर्डर. ती झाली की दुसऱ्याच दिवशी गाडीत बसते. आधी कबनूर, मग तुमच्याकडं. आईला सांगितलंय. म्हणाली, "ये. मी कुठं पळून जातो?"

तुमची
स्नेहल


कबनूर,
९ मार्च २०२५

मामा,

तुम्ही रोज येऊन बसत होता तेव्हा मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही पायरीवरनं "येतो गं" म्हणायचा आणि मी आतच थांबायची. तोंडानं विचारलं असतं तर तुम्हाला ऐकू गेलं नसतं, आणि ओरडून विचारायचं हे नव्हतं.

नाशिकला अक्षता पडत होत्या. फोन बॅगेत, आवाज बंद. पंगत बसल्यावर काढला तर केतनचेच फोन येऊन गेलेले. मी नवरीच्या बापाला सांगितलं. तो भला माणूस, म्हणाला, बाई, तुम्ही आधी निघा. दिवस मावळायच्या आत दहन उरकायला पाहिजे म्हणून वडीलधाऱ्यांनी केतनला थांबू दिलं नाही. मी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. आईचा चेहरा मी बघितला नाही, मामा. त्या दिवशी मी सकाळपासून दुसऱ्याच्या आईचा चेहरा बघत होते.

केतननं फोटो चौकटीत बसवून आणला. मी कापलेलाच आणला, तो दिसायला चांगला म्हणून. भिंतीला लावला आणि त्याला हार घातला. हारानं आईची हनुवटी झाकली. ओठ झाकले. मी हार वर सरकवला तर डोळ्यांवर यायला लागला. कुणीतरी बाई म्हणाली, "लईच जवळनं काढलाय की फोटो." मी हार उतरवला.

मग कपाटातनं तुमचा मूळचा काढला. केतन इचलकरंजीला जाऊन चौकट बदलून आला. त्याला हार घातला, तर सगळा हार त्या मोकळ्या जागेत बसला. नुसत्या साडीवर. आईचा चेहरा मोकळा राहिला. तिथं मी तुम्हाला चूक काढून दाखवली होती.

आईचा आजार काय ते केतनला शेवटच्या आठवड्यात कळलं म्हणतो. तुम्हाला आधीच माहीत होतं. मला एवढंच सांगा, कधीपासून?

स्नेहल


मंगळवार पेठ
१८ मार्च २०२५

स्नेहल,

तुझ्या पत्रात "एकटीचा" शब्द वाचला, तवापासून.

आपल्या बायकांचा एकटीचा फोटो नसतोय पोरी. लग्नाआधी स्थळाला पाठवायचा एक असतोय, त्यानंतर कायम नवऱ्याशेजारी, न्हायतर मांडीवर पोर, न्हायतर घोळक्यात मागच्या रांगेत. म्हातारं माणूस चांगलं कापड नेसून एकटंच दुकानाची पायरी चढतंय आणि म्हणतंय, एकट्याचा काढा, मोठा काढा, तवा आम्ही काय विचारत न्हाय. बसवतो आणि खाली जागा सोडतो. आमच्यात त्याला हाराचा फोटो म्हणतात. गिऱ्हाइकापुढं तो शब्द काढत न्हाय.

मी कबनूरला जाऊन तिला धरलं, तवा सांगितलं तिनं. मिरजेच्या डॉक्टरनं पोटात गाठ म्हणून सांगितलंतं, लई पुढं गेलती. केतनला बी सांगितलं नव्हतं. एकटी एसटीनं जाऊन आलती.

फोटोला आली त्या दिवशी लिंबाच्या रंगाचं पातळ नेसली होती. मी म्हणालो, "पावणं, जरा सरळ बसा." हसावी म्हणून. हसली. मग म्हणाली, "बापू, हाराला जागा सोड हं. तुझ्या बायकोच्या फोटोगत करू नको." तुझ्या मामीचा भिंतीवरचा फोटो तू बघितलायस. तिचा एकटीचा एक बी नव्हता. माझं दुकान, मी फोटोग्राफर, आणि वारली तवा लग्नाच्या घोळक्यातनं कापून काढला. खांद्यावर अजून कुणाचा तरी हात हाय. आक्काला ते ठाऊक होतं. बटण दाबलं आणि मी डार्करूममध्ये जाऊन उभा ऱ्हायलो. तिथं आता खोकी ठेवल्यात. खोक्यांमध्ये उभा ऱ्हाऊन रडलो.

स्नेहलला कळवतो म्हणालो, तर तिनं हात धरून शपथ घातली. म्हणाली, "बापू, तू तिला लिवलंस, हौसेला मोल न्हाय. खरं लिवलंस. मी जन्मभर हौसेनं केलं. गोधड्या शिवल्या, गल्लीतल्या सगळ्या नवरी पोरींच्या हातावर मेंदी काढली. लई छान, लई छान म्हणाले सगळे, मोल कुणी दिलं न्हाय. माझ्या पोरीनं मोल घ्यावं. पहिलाच हंगाम हाय तिचा. मोडलास तर बघ." फोटो तू काढावास असं तिच्या मनात होतं. तुला कळू न देता काढून घ्यायचा होता. तू हंगाम संपू दे म्हणालीस, म्हणून मग माझ्याकडं आली. तू विचारलं न्हाईस तरी हे मी लिहितोय, कारण लपवून बघितलं, त्यात काय भलं झालं न्हाय.

जानेवारीत तिला उठवंना झालं, तवा मी तुला ये म्हणून लिहिलं. उघड लिहायला पाहिजे होतं. शपथ मोडायला पाहिजे होती. तुला वाटलं, मामा दुकान गळ्यात मारतोय. वाचून पुन्हा लिहायला बसलो, तर आक्का म्हणाली, सोळा तारीखच हाय की, तोपर्यंत मी थांबतो. ती थांबली न्हाय. ऑर्डर मोडायची न्हाय हे तुला मीच शिकवलंतं. मला शिव्या दे पोरी. मोठ्यानं दे, मशीन लावतो.

मोना केतनला फोन करून विचारत होती म्हणं, स्नेहल परत येणार का. धंदा कर का हौस ठेव, हे मी आता सांगणार न्हाय. सांगायचा माझा अधिकार गेला.

एक काम मात्र हाय. पाडव्याला दुकान देतोय. घेणारा मोबाईलची कव्हरं विकणार. त्याच्या आधी त्याच स्टुलावर माझा एकट्याचा फोटो तू काढावास. भाची म्हणून न्हाय, ऑर्डर म्हणून. पैसे देणार. घाबरू नको, मला काय झालेलं न्हाय. पण माणसानं वेळेत काढून ठेवावा. हाराला जागा सोड.

तुझा मामा
बापूसो


कबनूर,
२३ मार्च २०२५

मामा,

तुमच्यावरचा राग गेलेला न्हाय. आईवरचा बी न्हाय. रिक्षा खाली उभी होती, तर ती थांबवली असती की मी. एका फोटोला किती वेळ लागतोय? त्याच्यावरनं रोज उठून स्वतःशी भांडतो.

मोनाला काल कळवलं, एप्रिलपासून कामाला लागतो म्हणून. आईनं मोल घे म्हणून सांगितलंय, तर घेणार. फक्त तुमचा नियम मोबाईलवरनं पुसून टाकला.

तुमची ऑर्डर घेतली. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी येतो. दाढी करून बसा, मशीन लावून बसा. पैसे पुरते घेणार, मामा म्हणून एक रुपया सोडणार न्हाय.

पण खाली जागा बी सोडणार न्हाय.

स्नेहल